थोरलीच्या फांदीवरचा रेनकोट

आमचे घरमालक पंपकाका आभार मानल्याशिवाय राहूच शकत नाहीत. बसमधून उतरले की बसच्या पत्र्यावर दोन थापा मारून म्हणतात, "पोचवलंस व्यवस्थित, उपकार झाले." हे ड्रायव्हरला नाही, बसला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ड्रायव्हरला पगार असतो रे. तिला काय असतं?" दाढ काढून आले तेव्हा ती दाढ कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि सुजलेल्या गालाने तिला सांगू लागले, "चाळीस वर्षं चावलंस बाई माझ्यासाठी." काकूंनी ती पुडी चिमटीत धरून केराच्या डब्यात टाकली.

"उद्या पोटाचं ऑपरेशन झालं तर हे घरी काय घेऊन येतील, देव जाणे," त्या म्हणाल्या. "दाढेचे आभार झाले, बसचे झाले, गिझरचे रोज सकाळी होतात. या घरात आता मी तेवढी राहिलेय."

मी या दोघांचा भाडेकरू, वरच्या मजल्यावरचा. मला नाव आहे, पण या घरात त्याचा कधी उपयोग झालेला नाही. दोघंही मला 'वरच्या' म्हणतात. "ए वरच्या, पाणी आलंय." "वरच्या, खाली ये आणि या बरणीचं झाकण उघड." माझ्या एकुलत्या एका खिडकीतून घरामागची काकूंची लिंबाची बाग पूर्ण दिसते. तशी खिडकी मिळाली म्हणूनच हे सगळं मला सांगता येतंय, तेव्हा त्या खिडकीचेही उपकार. काकांची सवय संसर्गजन्य आहे.

काकांचा धंदा फवारणीचा. आमच्या गावाच्या बाहेर जिकडे बघाल तिकडे लिंबाच्या बागा आहेत, आणि कुणाच्याही बागेत कीड पडली, रोग आला, की पाठीवर पंप घेऊन हजर होणारे हे गृहस्थ. तांब्याच्या औषधाने नखं कायमची निळी झालेली. पंपाला ते 'म्हातारा' म्हणतात. दिवस संपला की त्याची टाकी धुऊन, नळी झटकून, त्याला भिंतीशी टेकवून म्हणणार, "दमलास रे म्हाताऱ्या." मग स्वतः दमल्याचं त्यांना आठवतं.

काकूंची आणि त्यांची गाठ याच धंद्यात पडली. काकू तेव्हा एका रोपवाटिकेत डोळे भरायच्या. म्हणजे जंगली रोपाच्या सालीत छोटी चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा त्या चिरेत बसवायचा आणि पट्टी बांधायची. काही आठवड्यांनी त्या डोळ्यातून नवं झाड फुटतं, अगदी आईवर गेलेलं. हे काम काकूंइतकं सफाईने करणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. एके दिवशी तिथे फवारणीला एक तरुण आला आणि भर वाऱ्यात वाऱ्याकडेच तोंड करून फवारू लागला. काकू हातातली पट्टी तशीच धरून बघत राहिल्या.

"अहो, रोपांना नको असेल तर तुम्हीच प्या," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या कानामागे अजून निळं होतं, असं काकू शपथेवर सांगतात. फोटो रंगीत नाही, त्यामुळे काका हे मान्य करत नाहीत.

रोपवाटिका सोडताना काकूंनी एक रोप सोबत आणलं. वाकडं निघालं म्हणून टाकून दिलेलं. घरामागच्या मोकळ्या जागेत, फाटकापाशी त्यांनी ते लावलं. तीच थोरली. थोरलीला लिंबं लागली ती अशी रसाची, पातळ सालीची, की काकूंनी तिचेच डोळे काढून एकेक झाड तयार केलं आणि त्या जागेची बाग झाली. मूलबाळ नसलेल्या घरात बागेला असं नातं जडतं, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. काकू सकाळी बागेत जातात तेव्हा कुणाला दामटत असतात, कुणाची विचारपूस करत असतात. "कालपासून मान का टाकलीस गं?" हे वाक्य मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो आणि मला वाटायचं, काकांना म्हणताहेत.

थोरलीची एक फांदी खांद्याच्या उंचीवर आडवी आली होती. जणू काही अडकवायलाच. पावसाळी दिवसांत काका कामावरून आले की फाटकातून शिरता शिरता ओला रेनकोट त्या फांदीवर टाकायचे. "धर गं बाई जरा," असं म्हणून घरात जायचे. पाणी निथळलं की येऊन तो घडी करायचे आणि फांदीवर थाप मारायचे, "उपकार झाले." मी वरून हे इतक्या वेळा बघितलंय की त्यात बघण्यासारखं काही आहे हेच मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मला काय कळणार होतं म्हणा!

मग ते वर्ष आलं. सारखा पाऊस आणि त्याच्या जोडीला सारखा वारा. बागांमध्ये खैऱ्या पडला. लिंबाच्या पानांवर, फांद्यांवर, फळांवर तपकिरी, खरखरीत फोड येतात आणि पानावरच्या फोडाभोवती पिवळं वलय दिसतं. हा जंतूंचा रोग. पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, वाऱ्याबरोबर जातो, ओल्या हातांना, ओल्या कपड्यांना, हत्यारांना चिकटतो. फळबाग खात्याचा नियम कडक होता. पावसाळा सरल्यावर तपासनीस येणार, आणि रोग ठरलेल्या मर्यादेपलीकडे दिसला तर पूर्ण बाग तोडून जाळायची. शेजारच्या दोन बागा आधीच गेल्या होत्या. त्यांचा धूर माझ्या खोलीत यायचा तेव्हा काकू खालून ओरडायच्या, "वरच्या, खिडकी लाव!" आणि स्वतः मात्र अंगणात उभं राहून त्या धुराकडे बघत राहायच्या.

काका त्या दिवसांत पहाटे जायचे आणि अंधार पडायच्या सुमाराला चिंब होऊन यायचे. सगळ्या गावाला ते हवे होते.

एका सकाळी काका कामाला निघायच्या बेतात असताना काकूंनी बागेतून हाक मारली. "अहो, इकडे या. हे काय आहे ते मला कळलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला. "नागअळी असेल," ते म्हणाले.

"नागअळी पान कोरते. फोड आणते का?"

काका तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच कुणाचेही आभार न मानता बसलेलं बघितलं.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या रोग विभागातली बाई आली. तिला गावात झाडांची डॉक्टरीण म्हणतात. पस्तिशीची, डोक्याला टोपी, पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, आणि खिशात बिस्किटांचा पुडा. ती मोजकं बोलते. काही वाईट सांगायचं असलं की आधी पुडा पुढे करते. बागायतदारांना हे इतकं ठाऊक झालं होतं की तिचा हात खिशाकडे गेला तरी लोकांची पाचावर धारण बसायची.

ती झाडाझाडातून फिरली, काकू मागोमाग. मी फाटकाबाहेर उभा. पाऊस भुरभुरत होता. शेवटी ती थोरलीशी येऊन थांबली.

"बाकीच्या झाडांवर थोडे डाग आहेत, तेही नवे," ती म्हणाली. "सगळ्यात जुने डाग या झाडावर आहेत. आणि या झाडातही या आडव्या फांदीवर. रोग इथून सुरू झालाय. या फांदीशी काय होतं रोज?"

 काकू फांदीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात फाटक करकरलं. काका कामावरून आले, डोळ्यांवर पाणी, कुणाकडे लक्ष नाही. त्यांनी रेनकोट काढला आणि नेहमीच्या सवयीने फांदीवर टाकला.

"धर गं बाई जरा," ते म्हणाले.

 रेनकोटावरून पाणी ओघळून पानावर, पानावरून खालच्या पानावर पडत होतं. काकांनी आमच्याकडे बघितलं. मग रेनकोटाकडे. मग डॉक्टरीणबाईचा हात खिशाकडे गेला आणि तिने पुडा काकांपुढे धरला.

काकांनी बिस्किट घेतलं, पण ते तोंडापर्यंत गेलंच नाही. भिजून त्यांच्या निळ्या बोटांत विरघळलं.

त्याच रात्री घरात बैठक बसली. मला वरून बोलावलं, कारण काका ऐकण्याच्या स्थितीत नव्हते आणि काकूंना कुणीतरी नीट ऐकणारं हवं होतं.

"औषध सांगा," काकू म्हणाल्या.

"पडलेल्या डागावर औषध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "डागाळलेल्या फांद्या कोरड्या दिवशी कापायच्या आणि जाळायच्या. तांब्याचं औषध बेताने फवारायचं. नागअळीवर लक्ष ठेवायचं, कारण ती पान कोरते त्या वाटेने जंतू आत शिरतात. आणि नवी पालवी फुटायच्या आधी, ज्या झाडांची तब्येत अजून चांगली आहे त्यांच्या मुळाशी एक द्रावण ओतायचं."

इथे काकांना राहवलं नाही. "आजारी नसलेल्या झाडाला औषध? तीस वर्षं पंप मारतोय मी. असं कधी केलं नाही."

"ते जंतू मारत नाही, काका. ती अफवा आहे."

"काय आहे?"

"अफवा. झाडाच्या मुळाशी जाऊन सांगायचं, शत्रू येतोय. खरं तर कुणी आलेलं नसतं. पण झाड घाबरतं. दारं लावून घेतं, काठी उशाशी घेतं. मग खरा जंतू पानावर उतरला की त्याला सगळी तयारी दिसते. दोन-चार फोड येतील, पण पसरणार नाहीत. झाडाची प्रतिकाराची ताकद त्याच्या अंगात असतेच. आपण तिला फक्त आधी जागं करायचं."

काकूंना हे लगेच पटलं. "आणि शत्रू आलाच नाही तर?"

"तर तेवढी ताकद फुकट गेली. म्हणून अफवा मोजून सोडायची. मी सांगेन तेवढंच द्रावण, मी सांगेन तेव्हाच. रोज उठून आरडाओरडा केला तर झाड काठी धरूनच बसेल. फळं कधी धरणार?"

हे वाक्य काकांनीही ऐकलं होतं. याची आठवण पुढे काकूंनी त्यांना पुष्कळदा करून दिली.

"थोरलीला किती द्यायचं?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईने पुडा काढला आणि काकूंपुढे धरला. काकूंनी त्याला हात लावला नाही.

"ती मोठी आहे, आणि तिच्या घरात शत्रू शिरून बसलाय," ती म्हणाली. "आता अफवेचा उपयोग नाही. प्रत्येक ओल्या वाऱ्याला ती बाकीच्यांवर जंतू उडवत राहील. ती राहिली तर तपासणीत कदाचित सगळीच जातील. ती गेली तर बाकीची बहुतेक वाचतील. बहुतेक, बरं का. मी शब्द देत नाही."

"उद्या सांगते," काकू म्हणाल्या.

त्यांनी काय ठरवलं ते मला सकाळी खिडकीतून कळलं. त्या बागेत एकेका झाडापाशी थांबून खोडावर बोट ठेवत होत्या. जिथे डोळा भरलाय तिथे खोडाला एक गाठ राहते, त्या गाठीवर. शेवटच्या झाडापर्यंत गेल्या आणि घराकडे तोंड करून म्हणाल्या, "ही सगळी तीच आहे. करवत काढा."

पाऊस उघडून चार कोरडे दिवस गेल्यावर भर दुपारी, उन्हात, काकांनी थोरली तोडली. त्यांनीच तोडायची, असं काकूंनी बजावलं होतं. रागाने नव्हे. परका माणूस बोलवायचा नाही, एवढंच. करवत उकळत्या पाण्याने धुतली होती. ती आडवी फांदी त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली. तिच्यापाशी आले तेव्हा थांबले, हात तिच्यावर ठेवला. आयुष्यभर बसचे, गिझरचे, दाढेचे आभार मानणारा माणूस तिथे खुंटला.

मग काकूच पुढे आल्या. फांदीवर दोन थापा मारून म्हणाल्या, "धरलंस गं बाई. बास झालं आता." आणि काकांना म्हणाल्या, "कापा."

त्या दिवसापासून काकांना बागबंदी झाली. रोगट बागांत काम करणाऱ्याने आपल्या बागेत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं. अंमलबजावणी काकूंकडे होती, त्यामुळे त्यात फट नव्हती. बागेसाठी वेगळा छोटा पंप आला, तो काकूच चालवणार. द्रावण काकूच ओतणार. काकांनी तारेच्या कुंपणाबाहेरून बघावं. ते कुंपणाला धरून तासन् तास उभे राहायचे. तुरुंगातल्या कैद्याला भेटायला आलेत की स्वतः आत आहेत, हे लांबून ठरवणं कठीण जायचं.

"अगं, तिकडच्या कोपऱ्यातलीला कमी पडलं बघ."

"बरोबर पडलं."

"मला तर वाटलं, निम्मं बाहेर गेलं."

"तुम्हाला मी वाऱ्याकडे तोंड करून ओतलेलं दिसलं का?"

यावर काका तारेवरचा हात काढून घ्यायचे. तीस वर्षं झाली तरी हे उत्तर अजून धार धरून होतं.

नवी पालवी फुटली. कोवळी, चकचकीत, जंतूंना सगळ्यात आवडणारी. पाऊस पुन्हा सुरू झाला. आता खरी परीक्षा होती, आणि या परीक्षेत काकांना बसायची परवानगी नव्हती. गावातल्या प्रत्येक बागेत ते काही ना काही करत होते. स्वतःच्या रेनकोटाने ज्या बागेत रोग आणला, तिच्यासाठी मात्र हात बांधून बसायचं. मी त्यांना समजावायचो, "काका, काकू सगळं करताहेत की." ते म्हणायचे, "तेच तर! माझं मी काय केलं?"

काही आठवड्यांनी बागेत मला काहीतरी विचित्र दिसू लागलं. काकूंना खालून कळत नव्हतं, पण वरून स्पष्ट दिसत होतं. कुंपणाजवळची काही झाडं इतरांपेक्षा खुजी राहिली होती. पानं लहान, कडा करपलेल्या. मी काकूंना सांगितलं, काकूंनी डॉक्टरीणबाईला बोलावलं, आणि ती म्हणाली, "वरूनच बघू."

"ए वरच्या!" खालून हाक आली. "बाई वर येताहेत! पसारा आवर!"

पसारा पलंगाखाली जाईपर्यंत ती खोलीत आली होती. खिडकीशी उभी राहून तिने पुष्कळ वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "कागदावर कंपास ठेवून अर्धवर्तुळ काढलंय असं वाटत नाही?"

खरंच तसं होतं. खुजी झाडं अर्ध्या वर्तुळात उभी होती. त्या वर्तुळाचा मध्य कुंपणावर, काकांच्या औजारांच्या खोलीला लागून होता. वर्तुळाबाहेरची झाडं टवटवीत होती.

तिने खिडकीतून खाली वाकून विचारलं, "काका, तुमच्या पंपाची नळी किती लांब आहे?"

काका अंगणात म्हाताऱ्याला पुसत होते. त्यांचा हात थांबला. "कुठली नळी?"

"म्हणजे अनेक आहेत?"

"एक जुनी जोडलेली आहे... म्हणजे असते ना घरात. कशालाही लागते."

"अहो!" काकू ओरडल्या.

सगळं बाहेर आलं. काकू दुपारी पडायच्या आणि मी कचेरीत असायचो, त्या वेळात काका कामावरून मध्येच घरी येऊन, तेच द्रावण दुकानातून आणून, नळीला नळी जोडून, तारेच्या जाळीतून आत सारून झाडांच्या मुळाशी सोडत होते. बागेत पाऊल टाकलं नव्हतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. एकदा दिल्याने झाड जागं होतं, तर पुन्हा दिल्याने आणखी जागं होईल, असा त्यांचा हिशेब. नळी पोचेल तिथवर त्यांनी सगळ्यांना जागं केलं होतं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाली, "या बिचाऱ्यांनी काठी खाली ठेवलेलीच नाही. वाढणार कधी?"

"मरतील का?"

"नाही. पाणी आणि विश्रांती द्या, सावरतील. पण यंदा यांच्याकडून लिंबं मागू नका."

काकूंनी पदर खोचला. त्या आता तोफ डागणार असं समजून मी दोन पावलं मागे सरकलो. पण त्या पायरीवर बसल्या आणि त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तुमचं सगळं असंच. चहात साखर घातली तर सरबत करता. आभार मानले तर समोरचा पळून जातो. पाहुण्याला वाढलं तर त्याला उठवून न्यावं लागतं. मला माहीत आहे तुम्ही का केलंत ते. पण आता माझ्यासाठी एक करा. काही करू नका."

काकांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं. त्यांनी ते केलं. नळी स्वतःहून काकूंच्या ताब्यात दिली. काकूंनी ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली.

पावसाळा सरला आणि तपासनीस आला. बारीक अंगाचा, चेहऱ्यावर काहीही न दिसणारा माणूस, हातात भिंग. काकू आणि डॉक्टरीणबाई त्याच्याबरोबर आत. काका फाटकाबाहेर पालथ्या बादलीवर, मी शेजारी उभा.

"काका, मनातल्या मनात आभार मानताय का?"

"आधीच मानले तर त्यांच्यावर ओझं व्हायचं," ते म्हणाले. "झालं तर मानीन. नाही झालं तरी... बघू."

तपासनीस एकेक झाड बघत चालला. पानं उलटी करत होता, फांद्या वाकवत होता. एका झाडापाशी थांबला, पान तोडलं, भिंग लावलं, बराच वेळ उभा राहिला. दुसरं पान तोडलं. काकांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत पंपाचा दांडा तीस वर्षं कसा टिकला ते कळेना, मोडायला हवा होता.

तपासनीस पुढच्या झाडाकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. शेवटी त्या खुज्या अर्धवर्तुळापाशी आला आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "डाग एकही नाही. पण ही अशी का?"

"घरगुती कारण आहे," काकू म्हणाल्या.

तो काही तरी लिहून, सही करून डॉक्टरीणबाईशी दोन शब्द बोलला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही डॉक्टरीणबाईकडे बघत होतो. तिने खिशात हात घातला, पुडा काढला. काकांची पकड आणखी घट्ट झाली. तिने एक बिस्किट काढलं, आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच खाल्लं. मग दुसरं खाल्लं.

काका बादलीवरून उठले ते बादली आडवी करूनच. मग त्यांनी मागचे-पुढचे सगळे आभार मानायला सुरुवात केली. तपासनिसाच्या भिंगाचे, बाईंच्या टोपीचे, काकूंच्या छोट्या पंपाचे, आणि जंतूंचेसुद्धा, बेताने आले म्हणून. डॉक्टरीणबाईने सांगितलं की काही झाडांवर थोडे, सुकलेले फोड आहेत, मर्यादेच्या आत. जंतू आले होते, पण झाडं तयार होती. पुढच्या पालवीच्या आधी पुन्हा ठरलेलं द्रावण द्यायचं. "एकदाच," ती म्हणाली, काकांकडे बघून.

खुज्या झाडांनी वर्षभर विश्रांती घेतली आणि पुढच्या हंगामात अशी लिंबं धरली की काकूंनी माझ्या जिन्यावरही टोपली आणून ठेवली. काका आता कुठल्याही बागेत जातात तेव्हा पाठीवर म्हातारा आणि हातात एक प्लॅस्टिकचा टब असतो. आत जाताना आणि बाहेर येताना जंतुनाशकात बूट बुडवायचे. लोक आधी हसले, मग एकेकाने आपल्या फाटकापाशी टब ठेवला. त्यानंतर माझ्या खिडकीतून धूर आलेला नाही. त्या हवेबद्दल मी रोज सकाळी खिडकी उघडताना काकांचे आभार मानतो, मनातल्या मनात, बेताने.

पण मला सांगायचं आहे ते तपासणीनंतर आलेल्या पहिल्याच ओल्या संध्याकाळचं. बागबंदीत पुढच्या दाराने येणारे काका त्या दिवशी पुन्हा मागच्या फाटकाकडे वळले. काका कामावरून आले. फाटकापाशी रेनकोट काढला आणि सवयीने हात लांब केला. तिथे हवा होती. हात तसाच राहिला.

"इकडे," काकू म्हणाल्या.

फाटकाच्या बाहेर, रस्त्याकडच्या खांबावर, खांद्याच्या उंचीवर एक लाकडी खुंटी ठोकली होती. खाली पाण्याचा टब. खुंटी वाकडी होती, कारण काकूंनी स्वतः ठोकली होती.

काकांनी रेनकोट खुंटीवर अडकवला. "धर गं..." म्हणाले आणि थांबले. खुंटीकडे बघितलं, मग फाटकात उभ्या असलेल्या काकूंकडे. रेनकोटावरून पाणी टबात ठिबकत होतं.

"उपकार झाले," ते म्हणाले. या वेळी काकूंना.

काकूंनी पदराने कपाळ पुसलं, तिथे काही नसताना.

"बूट बुडवा आधी," त्या म्हणाल्या.